बेदाणा, मार्च आणि तुझे चौदा लाख

पुणे,
रविवार, 2 मार्च 2025

प्रिय बाळू,

परवा रात्री तुझा फोन झाला तेव्हापासून माझ्या डोक्यातून विषय जात नाही. आधी म्हणालास, म्युच्युअल फंडातलं सगळं विकून मोकळा होतो. पाचच मिनिटांनी म्हणालास, वहिनींच्या पाटल्या गहाण ठेवून आणखी युनिट घेतो, म्हणजे खरेदीची सरासरी खाली येईल. दोन्ही ऐकून पोटात गोळाच आला. फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून सवडीनं लिहायला बसलोय.

शुक्रवारचा दिवस वाईटच होता. एका दिवसात सेन्सेक्स 1,400 हून जास्त अंकांनी पडला आणि निफ्टी 22,124 वर आला. सप्टेंबरात तोच 26,277 ला जाऊन आला होता, म्हणजे सोळा टक्के गेले. स्मॉलकॅपची, म्हणजे लहान कंपन्यांच्या शेअरची, पडझड त्याहून जास्त. ऑक्टोबरपासून सलग पाच महिने निफ्टी उतरतोय, असं 1996 नंतर पहिल्यांदाच घडलंय. तेव्हा तुझं काही खास चुकलं आणि बाकीचे सुटले, असं मनात आणू नकोस. प्लॉट विकून आलेले अठरा लाख स्मॉलकॅप फंडात एकरकमी घातलेस आणि वेळ नेमकी शिखराची निघाली. आज त्याचे चौदा दिसताहेत.

बाळू, आपल्या लहानपणचा तो मार्च आठवतोय का? तुझ्या घरचा आणि माझ्या घरचा बेदाणा एकाच शेडवर वाळला होता. तोच हिरवा रंग, तोच गोडवा. तासगावला दर पडले. आमच्या अण्णांना 31 मार्चच्या आत सोसायटीचं कर्ज भरायचं होतं. पहिल्याच सौद्यात जो दर निघाला त्याला त्यांनी मान हलवली आणि घरी येऊन न जेवता झोपले. तुझ्या आबांनी बॉक्स कोल्ड स्टोरेजला लावले, पावती कपाटात ठेवली आणि श्रावणात विकले. माल एकच होता. फरक एवढाच, की अण्णांना पैसे मार्चमध्येच हवे होते, आबांना नव्हते.

तुझ्या चौदा लाखांकडे मी तसंच बघतोय. यातला मार्चचा पैसा किती आणि श्रावणाचा किती, एवढंच आधी ठरव. सीईटी झाली की जुलै-ऑगस्टात चिमीची अ‍ॅडमिशन. फी, हॉस्टेल, लॅपटॉप धरून पहिल्या दोन वर्षांचे चार लाख तूच सांगितलेस. ते स्मॉलकॅपमध्ये ठेवायचे नव्हतेच, पण झालं ते झालं. आता बाजार वर येईल म्हणून वाट बघत बसू नकोस. येईलही, पण ऑगस्टच्या आत येईल असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही, आणि पोरीची फी त्या भरवशावर ठेवायची नाही. चार लाखांची युनिट काढ आणि बँकेत एफडीला टाक. वर्ष झालेलं नाही, म्हणून लवकर पैसे काढल्याचा एक टक्का एक्झिट लोड बहुतेक कापतील. कापू दे.

हे मार्चमध्येच कर, यालाही कारण आहे. प्लॉट याच आर्थिक वर्षात विकलास, त्याच्या नफ्यावर तुला कर आहे. चार लाख काढताना लाखभर तोटा पदरी पडेल, तो अल्पमुदतीचा धरला जातो आणि जमिनीच्या नफ्यातून वजा करता येतो. साडेबारा टक्क्यांनी हिशेब धरला तर बारा-चौदा हजारांचा कर वाचेल. एप्रिलमध्ये विकलंस तर तो तोटा पुढच्या वर्षात गेला. आणि आगाऊ कराचा शेवटचा हप्ता 15 मार्चला असतो, तो भरला आहेस का? तुझ्या सीएला उद्याच विचार.

उरलेले दहा लाख श्रावणाचे. त्यांना हात लावू नकोस. हे मी वरवर बोलत नाही, माझं 2008 तुला मी कधी नीट सांगितलेलं नाही. जानेवारीत सेन्सेक्स 21,200 च्या घरात होता तेव्हा माझे फंडात सव्वातीन लाख होते. 27 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, सेन्सेक्स 7,700 च्याही खाली गेला आणि मी एजंटच्या टेबलावर बसून विक्रीच्या फॉर्मवर सही केली. हातात आले एक लाख चाळीस हजार. माझा पगार चालू होता, कर्ज नव्हतं, कुणी पैसे मागत नव्हतं. आबांच्या जागी बसून मी अण्णांसारखं विकलं. मे महिन्यात निवडणुकीचा निकाल लागल्यावर सोमवारी बाजार उघडताच इतका चढला की वरचं सर्किट लागून व्यवहारच थांबले, मला परत शिरायला फटच मिळाली नाही. 2010 च्या लक्ष्मीपूजनाला, मुहूर्ताच्या सौद्यांत, निर्देशांक पुन्हा 21,000 वर बंद झाला. ती संध्याकाळ मला अजून सलते.

पण दरवेळी दोन वर्षांतच भरून येतं असं मी म्हणणार नाही. जपानचा निक्केई 1989 च्या डिसेंबरात जिथं होता, तिथं परत यायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. म्हणून दहाच्या दहा लाख एकट्या स्मॉलकॅपमध्ये असू नयेत असं माझं मत आहे. घाईनं नको, वर्ष उलटलं की एक्झिट लोड संपेल, मग थोडे थोडे इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या घेणाऱ्या फंडात, वळवू.

आणि शाळेतल्या कुणाच्या टिपवर घेतलेले ते तीन शेअर, त्यांना हा नियम लावू नकोस. निर्देशांक परत वर येतो तेव्हा त्यातली पडलेली नावं बदललेली असतात. 2008 ला गाजलेल्या कित्येक कंपन्यांचे भाव पुन्हा तिथं गेलेच नाहीत. ती कंपनी काय बनवते हे तुला सांगता येत नसेल तर विक. तो तोटाही प्लॉटच्या नफ्यातून वजा होईल.

एसआयपी, म्हणजे फंडातला दरमहाचा हप्ता, बंद करू नकोस. दहा हजारांत पन्नासच्या एनएव्हीला, म्हणजे एका युनिटच्या भावाला, दोनशे युनिट येतात, चाळीसला अडीचशे. स्वस्ताई आली असताना खरेदी थांबवायची कशाला? पगार चालू आहे तोवर चालू दे.

पाटल्यांचं मात्र मी ऐकून घेणार नाही. कर्ज काढून बाजारात पैसे घातलेस की तुझ्याही कपाळी मार्च आला, बँकेची तारीख आली, मग थांबायची ताकद राहत नाही. नुकसान भरून काढायला टेलिग्रामवरच्या कुणाकडून ऑप्शन शिकायचं म्हणत होतास, तेही सोड. सेबीनंच गेल्या सप्टेंबरात आकडे दिले: तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनचे सौदे, करणाऱ्या शंभरातल्या त्र्याण्णव लोकांचं नुकसान झालं.

वहिनींना खरा आकडा सांगितलास का? फोनवर त्यांचा आवाज आला की तू हळू बोलत होतास. चौदा झालेत, चार चिमीचे बाजूला काढतोय, दहा ठेवतोय, असं आज रात्री जेवताना सांग. त्या घाबरतील त्यापेक्षा जास्त तू लपवताना थकतो आहेस.

मी पुढच्या रविवारी, 9 तारखेला, सकाळच्या गाडीनं येतोय. फंडाचं स्टेटमेंट, प्लॉटच्या खरेदी-विक्रीचे दोन्ही दस्त आणि डीमॅटचा कागद काढून ठेव. तोवर मोबाइलवरचं ते ॲप उघडायचं नाही. आबांना नमस्कार सांग, आणि चिमीला सांग की अभ्यास कर, फीची सोय झाली आहे.

तुझाच,
नाना