गार्डन रीचचं गेट बघून आले, बाबा

प्रिय आई-बाबा,

फोनवर काही नीट बोलणंच होत नाहीये. आई म्हणते आवाज तुटतोय, बाबा मधेच "जेवली का" विचारतात आणि मी उत्तर देईपर्यंत फोन आईच्या हातात गेलेला असतो, म्हणून आता सरळ लिहूनच पाठवतेय. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला. बाबा, चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि जिथे जिथे आईच्या गुडघ्यांबद्दल लिहिलंय ते गाळू नका, कारण तेच महत्त्वाचं आहे.

तर चार दिवस कलकत्ता झालं. शनिवारी पोचले, मंगळवारी रात्रीच्या फ्लाइटनं पुण्याला परत. दसरा होऊन गेला होता, म्हणजे पूजेची ती तुफान गर्दी मी मुद्दाम टाळली. गर्दी नसली तरी शहर अजून त्याच धुंदीत होतं. रस्त्यारस्त्यावर मांडव अर्धे सुटलेले, नुसते बांबू उभे, गंगेच्या घाटावर विसर्जन झालेल्या मूर्तींचे सांगाडे, म्हणजे लाकूड आणि तणस. माती वाहून गेली की आत तणसच असतं हे मला माहीतच नव्हतं. आपल्या गणपतीच्या डोक्यात पीओपी बसलेलं ना. हवा मात्र काय सुंदर होती! पाऊस संपल्यावरचं ते धुतलेलं आभाळ, घाम येतोच पण सकाळी नाही. जिथे उतरले होते त्या गल्लीत पहाटे फाटकाखाली पारिजातकाचा सडा पडलेला. तिकडे शिउली म्हणतात त्याला, आणि शिउली पडली की पूजा आली असं त्यांचं गणित असतं. आई, तुझी परडी आठवली.

उतरले होते ऑफिसमधल्या त्या बंगाली मैत्रिणीच्या आईकडे, गरियाहाटजवळ. सगळे त्यांना माशीमा म्हणतात, म्हणजे मावशी, मीपण तेच म्हणायला लागले.

आता बाबांचं आधी सांगते, नाहीतर बाबा पुढची पानं उलटून बघतील. गार्डन रीचला गेले होते मी. हो, खरंच. लहानपणापासून घरात ऐकतेय, "गार्डन रीचहून सर्क्युलर आलं", "गार्डन रीचला फाइल अडकली", "गार्डन रीचची मंजुरी पाहिजे". मला तर कितीतरी वर्षं वाटायचं की हे कुठल्यातरी माणसाचं नाव आहे, खडूस साहेबाचं. आजोबा तर शेवटपर्यंत बीएनआरच म्हणायचे, बंगाल नागपूर रेल्वे, 1887 सालची कंपनी, नावातच दोन्ही टोकं. मग ती दक्षिण पूर्व रेल्वे झाली तरी हेडऑफिस तिथेच नदीकाठी, आणि 2003 ला आपलं डिव्हिजन बिलासपूरच्या नव्या झोनमध्ये जाईपर्यंत तुमची सगळी नोकरी त्या ऑफिसच्या कागदांवर चालली, नागपूरच्या मोतीबाग वर्कशॉपात बसून. आणि तुम्ही कधी गेला नाहीत. विचारलं की म्हणायचात, "साहेब लोकं जातात तिकडे, आम्ही काऊन जाऊ?"

तर शनिवारी दुपारी सामान टाकलं आणि टॅक्सी केली. खिदिरपूरच्या डॉकवरून रस्ता जातो. कंटेनरचे ट्रक, धूळ, मला वाटलं चुकलो आपण. मग अचानक मोठी झाडं, लांबच लांब भिंत आणि गेट. आत जाऊ देणार नाहीत हे माहीत होतं, फोटोही नाही म्हणाला गेटवरचा माणूस. मी त्याला हिंदीत सांगितलं की माझे वडील नागपूरला मोतीबाग वर्कशॉपला होते, नॅरो गेजवाले. तो निघाला डोंगरगडचा! म्हणाला, "अरे वो तो अपना ही डिवीजन है." मग काय, पाच मिनिटं सावलीत उभं राहू दिलं, पाणी विचारलं, आणि छोटी गाडी बंद झाल्याचं त्यालाच जास्त वाईट वाटून राहिलं होतं. इमारत झाडांतून थोडीच दिसते, पण दिसते. बाबा, खोटं नाही सांगत, मला जरा भरून आलं. तुमची कितीतरी वर्षांची रजा, प्रमोशन, पीएफ, सगळं त्या भिंतीपलीकडून आलं होतं.

तिथून पुढेच मटियाबुर्ज. इंग्रजांनी अवध घेतल्यावर नवाब वाजिद अली शाह 1856 ला इथे येऊन राहिला, आणि कलकत्त्याच्या बिर्याणीत जो बटाटा असतो तो त्याच्याच खानसाम्यांमुळे आला असं सगळे सांगतात. बटाटा फार भारी असतो, मटणापेक्षा मी तोच जास्त खाल्ला. आईनं हे वाक्य ऐकलं नाही असं समजा.

रविवारी हावडा. आई, इथून तुझं सुरू. पूल बघायचा तर खालून बघायचा, फेरीतून. तिकीट अगदी किरकोळ, वारा मस्त, बसायला बाकडी. पण भानगड अशी आहे की नदीला भरती-ओहोटी असते, धक्का तरंगता आहे, त्यामुळे ओहोटीला पाणी उतरलं की त्याच्यावर जाणारी फळी चांगलीच उतरती होते. मी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मुद्दाम चढउतार करून बघितली. भरतीच्या वेळेला जायचं, म्हणजे जवळजवळ सपाट. पुलाला नदीत एकही खांब नाही, 1943 ला सुरू झाला, साडेसव्वीस हजार टन पोलाद आणि तेही बरंचसं टाटांचं, नटबोल्ट नाही, सगळं रिव्हेटनी जोडलेलं, हे बाबा मला नववीत असल्यापासून सांगतायत. पण हे माहीत आहे का बाबा, लोकांनी पान-गुटखा खाऊन थुंकून थुंकून त्या पोलादी टेकूंचे पाय गंजवले, शेवटी त्यांना फायबरग्लासचे बूट घालावे लागले! म्हणजे जपान्यांच्या विमानांनी जे नाही केलं ते तंबाखूनं केलं. खर्रा खाणाऱ्या काही लोकांनी यावर विचार करावा, नाव घेत नाही.

मेट्रोची मात्र चिंता नको. देशातली पहिली मेट्रो इथलीच, 1984 ची, आणि आता 2024 पासून नदीच्या खालून जाते. हावडा स्टेशन जमिनीखाली 30 मीटरपेक्षा जास्त खोल आहे, सरकते जिने संपता संपत नाहीत, पण लिफ्ट आहे, मी शोधून काढली. नदीखालचा टप्पा फक्त पाऊण मिनिटाचा, बोगद्यात निळे दिवे लागतात, डब्यातली सगळी जनता मोबाइल काढून काचेला चिकटते आणि काही दिसायच्या आत संपतं. ट्राम राहिल्यात पण अगदी थोड्या रूटवर. 1873 ला घोड्यांनी ओढायची सुरू झालेली, विजेवर 1902 पासून. तिची पायरी उंच आहे. आईला दोघांनी धरून चढवावं लागेल, पण चढवूच, कारण खिडकीशी बसून रमतगमत जायची अशी गोष्ट आता दुसरीकडे उरलेली नाही. माणसानं ओढायच्या रिक्षाही दिसतात अजून. त्यात बसवलं नाही मला.

सोमवारी मी येडेपणा केला. व्हिक्टोरिया मेमोरियलला गेले आणि म्युझियम सोमवारी बंद. निघायच्या आधी साधं बघायला नको? मग बागेतच फिरले दोन तास. मकराण्याचा संगमरवर, ताजमहालाचाच, 1906 ला पायाभरणी आणि 1921 ला उघडलं. वर घुमटावर काळी परी आहे ती वाऱ्यानं फिरते म्हणे, मी मान दुखेस्तोवर बघितलं, माझ्या वेळेला तिनं काही दाद दिली नाही. बागेत भरपूर बाक, तळी, सपाट रस्ते, आई पूर्ण चक्कर मारू शकेल. तुम्ही मंगळवार ते रविवार कधीही या.

आता बोर्गीची गंमत. माशीमांना सांगितलं मी मूळची नागपूरची, तर त्या एकदम खदखदून हसल्या, "ओ मा, बोर्गी!" मला कळेना. मग त्यांनी अंगाईच म्हणून दाखवली, अजून बाळांना झोपवायला म्हणतात ती. बाळ झोपलं, आळी शांत झाली, आणि देशात बर्गी आले, धान पाखरांनी खाल्लं, आता सारा कुठून देऊ, असा अर्थ. बर्गी म्हणजे बारगीर, म्हणजे आपल्या नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांचे घोडेस्वार! बाबा, महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यासमोर उभं राहून तुम्ही आम्हाला "आपले भोसले पार कटकपर्यंत" म्हणून छाती फुगवून सांगायचात ना, त्याची ही दुसरी बाजू. 1742 पासून जवळजवळ दहा वर्षं आपण यांच्या घरात शिरून लुटून राहिलो होतो, गावंच्या गावं जाळली, शेवटी 1751 ला तह झाला, ओरिसा आपल्याकडे आणि वर वर्षाला बारा लाख चौथाई. आणि त्यातही पहिल्याच वर्षी रघुजीराजांचे सरदार भास्करपंत यांनी काटव्याजवळ दाईंहाटला चक्क दुर्गापूजा मांडली होती, ती चालू असतानाच बंगालच्या नवाबानं, अलीवर्दीखानानं हल्ला केला. पुढे 1744 ला बोलणी करायला बोलावून पंतांना मारलं, ते तुम्हाला माहीतच आहे. इकडे इंग्रजांनी घाबरून शहराभोवती मराठा खंदक खणायला घेतला, अर्धामुर्धा खणून झाला आणि आपण कलकत्त्यात आलोच नाही! पुढे तो बुजवून त्यावरून रस्ता काढला. बागबाजारला मराठा डिच लेन अशी गल्ली आहे अजून, मी पाटीखाली सेल्फी काढलाय. तसं पाहिलं तर फार काही अभिमानानं काढण्यासारखा नाही, माशीमांच्या समोर तर मला थोडं ओशाळल्यासारखंच झालं, पण त्या म्हणाल्या की आता आलीच आहेस तर नारळ खवून दे, कर वसूल.

नारळ कशासाठी, तर त्याच संध्याकाळी कोजागिरी होती. यांच्याकडे कोजागरी लक्ष्मीपूजा. तेच "को जागर्ति", लक्ष्मी विचारत फिरते कोण जागं आहे, फक्त आपण दूध आटवतो आणि हे पूजा करतात. दारापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठीची लक्ष्मीची पावलं, काय सुरेख हात आहे त्यांचा, देवीजवळ घुबड, नारळाचे लाडू, खिचुरी, सगळ्या भाज्यांचा लाबरा आणि खीर. मासे अजिबात नाहीत, म्हणजे आई, "तिकडे मी काय खाऊ" हे कारण बाद. कचोरी, लुची, आलूर दोम, मिष्टी दोई यावर तू महिना काढशील. मग मी म्हटलं आमचंही दूध करू. केशर होतं, वेलची, जायफळ, बदाम, पिस्ते मिळाले, चारोळी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानदाराला नाव सांगूनही कळली नाही, अक्रोड दाखवायला लागला. गच्चीवर ठेवलं दूध चांदण्यात. माशीमांना आवडलं, पण चारोळीचं मी इतकं बोलले की त्यांना वाटलं तीच मुख्य वस्तू आहे आणि आपल्याला मिळाली ती नक्कल.

माशीमा आईपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत. दोन्ही गुडघे बदललेत. गच्चीवर त्या कठडा धरून, एकेक पायरी थांबत आल्या, कोणी हात दिला तर रागावतात. मला विचारलं, आईबाबा कधी येणार? मी म्हटलं, दरवर्षी ठरतं. त्या काही बोलल्या नाहीत, दुधाचा पेला पुढे केला.

मंगळवारी कॉलेज स्ट्रीट. फुटपाथभर जुनी पुस्तकं, इंजिनिअरिंगची आणि मेडिकलचीच जास्त. बाबांसाठी जुनं दक्षिण पूर्व रेल्वेचं टाइमटेबल शोधलं, छोट्या गाडीचं पान असलेलं. एका काकांनी अर्धा तास ढिगात डोकं घालून एक काढलं, तर ते नुसत्या पूर्व रेल्वेचं! त्यांचा तो घामेजलेला चेहरा बघून दीडशे रुपयांना घेतलं तरी. कुरिअर करतेय, शिव्या घालू नका. कॉफी हाऊस वरच्या मजल्यावर आहे, जिना आहे, आईला झेपेल पण एकदाच. कॉफी ठीकठाक, उंच छत आणि गलका ऐकायला जायचं. शिवपूरचा वटवृक्ष बघायचा राहिला. त्याचं मूळ खोड रोग लागून 1925 ला काढून टाकलं आणि झाड नुसत्या तीन हजारांवर पारंब्यांवर उभं आहे. तो मी मुद्दाम तुमच्याबरोबर बघायला ठेवला असं समजा, खरं तर वेळ पुरला नाही.

तर आता ऐका. फेब्रुवारीत यायचं, थंडी सरता सरता, कारण पुढच्या कोजागिरीपर्यंत तुम्ही अजून एक कारण शोधाल. बाबा, तुमचा रिटायरमेंटचा पास दरवर्षी कपाटात पडून वाया जातो, त्याचा अर्ज या आठवड्यात भरा. गीतांजली एक्सप्रेसनं संध्याकाळी नागपूरला बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा, आणि सगळा रस्ता जुन्या बीएनआरचा आहे, बाबा रात्रभर खिडकीतून स्टेशनं मोजत बसतील, आई झोपेल. खालचे दोन बर्थ, ते रिझर्वेशन दादा करेल. मी पुण्याहून आदल्या दिवशी पोचते आणि हावड्याला प्लॅटफॉर्मवर उभी राहते. डोंगरगडवाल्याला सांगून आलेय की वडलांना घेऊन येते.

आई, डॉक्टरला विचारून घे, पण "विचारते" म्हणून सोडून देऊ नकोस. आणि पाव किलो चारोळी बांधून आण, माशीमांना शब्द दिलाय.

तुमची,
छकुली