जुन्या सिनेमाची डोकी कापू नका

महोदय,

मरीन लाइन्सचे लिबर्टी 1949 मध्ये 'अंदाज'ने उघडले. अशा जुन्या थिएटरांच्या वर्धापनदिनी त्या काळातले चित्रपट लागतात, हे उत्तमच. पण त्या चित्रांची चौकट 1.37:1 (रुंदी:उंची), म्हणजे जवळजवळ चौकोनी असते. आजच्या रुंद पडद्यावर ती ताणली की नायिका उगाच जाड दिसते. कापली तर वरून कपाळ आणि खालून पावले जातात. बाजूचे काळे पडदे आत ओढले की काम झाले!

35 मिमी फिल्मची प्रिंट असेल तर प्रोजेक्टरच्या गेटमधली (फिल्म प्रकाशासमोरून सरकते तिथली) चौकट ठरवणारी प्लेट आणि लेन्सही बदलावी लागते. आकसलेल्या फिल्मची कडेची छिद्रे स्प्रॉकेटच्या (फिल्म ओढणाऱ्या चाकाच्या) दातांवर फाटतात, म्हणून प्रत्येक रीळ (2,000 फुटी, साधारण 22 मिनिटांचे) आदल्या दिवशी टेबलावर हाताने फिरवून, सैल जोड पुन्हा चिकटवून घ्यावेत. मध्यंतरही मूळ जागीच व्हावे.

– एक प्रेक्षक, मुंबई