कपाळावरची राख आणि विरार लोकल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोकलमध्ये धर्माचं बोलणंच बंद करा, अशा अर्थाचं एका वाचकाचं पत्र तुमच्या पेपरात वाचलं. त्यांचा राग कळतो पण उपाय काही पटला नाही, म्हणून लिहितेय. मी वसईची, कॅथलिक, बँकेत कर्ज विभागात आहे, आणि विरार लोकलच्या लेडीज डब्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय.

यंदाच्या भस्म बुधवारची गोष्ट. आमचा ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ त्या दिवशी सुरू होतो, आणि चर्चमध्ये कपाळाला राख लावतात. पहाटे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जाऊन तशीच स्टेशनवर पळाले. आमच्या ग्रुपमधल्या एक मावशी आहेत, माळकरी, दरवर्षी वारीला जाणाऱ्या, त्या मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, अगं कपाळाला काय काळं लागलंय, आणि पदराचं टोक घेऊन पुसायलाच निघाल्या! मी त्यांचा हात धरला. म्हटलं मावशी, पुसू नका, तुमचा बुक्का असतो ना तसंच समजा. मग काय, वांद्र्यापर्यंत तेच. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये ज्या झावळ्या आशीर्वादित करतात त्या जाळून ही राख होते, आणि ती लावताना फादर सांगतात की बाई तू माती आहेस न मातीतच जाणार आहेस. मावशींचा हात थांबला, म्हणाल्या हे तर आमच्या बुवांनी परवाच कीर्तनात सांगितलं. मग उपास. मी सांगितलं की आज एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं काहीतरी, मटण वगैरे बंद, कमी जेवायचा नियम १८ ते ५९ वयाला, त्यावर त्या म्हणाल्या म्हणजे मला सूट, आणि साबुदाणा चालतो का हे पण विचारलं. (चालतो. चपाती पण चालते, हे ऐकून त्यांना तो उपासच वाटेना!)

शेजारची कॉलेजची मुलगी हेडफोन काढून ऐकत होती, तिने विचारलं तुम्ही लोक कन्व्हर्ट कधी झालात. हा प्रश्न मला वर्षातून चारदा तरी येतो. आधी राग यायचा, आता सरळ सांगते की बाई १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले आणि आम्ही आमच्या केळीच्या वाड्या शिंपत तिथेच राहिलो. आणि ख्रिस्तपुराण पण सांगितलं, फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी येशूच्या कथेवर लिहिलेलं, १६१६ मध्ये छापलेलं, जवळपास अकरा हजार ओव्या मराठीत. मावशींचे डोळे चमकले, ओव्या? म्हण की एखादी. आता आली का पंचाईत! मला पाठ एकच, शाळेत होती ती, मराठी भाषेच्या कौतुकाची. त्यात येशूचं नाव पण नाही. तीच म्हटली.

आता दुसरी बाजू. याच डब्यात एकदा एक नव्या चर्चच्या ताई भेटल्या, ते लोक स्वतःला विश्वासी म्हणवतात, माझ्या गळ्यातला क्रूस बघून खूश झाल्या आणि दोन मिनिटांत विचारतात, तुझं तारण झालंय का? म्हणजे पापातून सुटका. बँकेतल्या माणसाला तारण म्हटलं की आधी सातबारा न सोन्याच्या पाटल्या आठवतात, मला हसूच आलं, त्यांना ते आवडलं नाही. मग मरियामाउलीची मूर्ती कशाला, जपमाळ कशाला, सगळं झालं. मी पण तावातावाने भांडले आणि उतरल्यावर वाटलं की जपमाळ हातात घेऊन मी नक्की काय करते एवढं साधं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. आणि एकदा तर हातात कॅन्सर हॉस्पिटलची फाइल घेतलेल्या बाईला कोणीतरी आजार बरे होतात असं पत्रक देताना पाहिलं. ते मात्र मला अजिबात सहन झालं नाही. ती बाई काही विचारत नव्हती हो. तिला बसायला जागा हवी होती.

आमच्यातले पण काही जण कमी नाहीत. मावशींचा हरिपाठ ऐकत बसते म्हणून आमच्याच गावातल्या एकीने मला सुनावलं. तिला म्हटलं, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असं १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने लिहून ठेवलंय, तू कोण लागून गेलीस?

तर पत्रलेखकांना एवढंच म्हणायचंय की कोणी पत्रक कोंबत असेल तर जरूर ओरडा, मी पण ओरडेन. पण मला कोणी विचारलं तर मी गप्प का बसू, आणि मावशींनी माळेचं सांगायचं नाही तर मग बोलायचं काय, फक्त लोकल लेट आहे हे?

परवा ग्रुपमधल्या एकीने सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. मी काही बोलायच्या आत मावशीच म्हणाल्या, तिला नको देऊ, तिचं ते चाळीस दिवसांचं चालू आहे.

आपली,
एक वाचक, वसई