जत्रेतील कुस्त्यांना वर्गणी मिळावी

महोदय,

मराठवाड्यातील जत्रांमध्ये बक्षीस म्हणून नारळ-रेवड्या मिळणाऱ्या लहान मुलांच्या कुस्त्यांपासून मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंतचा फड गावाच्या वर्गणीवरच उभा राहत आला; आता मात्र ती वर्गणी अनेक ठिकाणी डीजे आणि ऑर्केस्ट्राकडे वळत आहे. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारे राहुल आवारे बीड जिल्ह्याचे, याचा आपण अभिमान बाळगतो. पण हळद, ताक आणि तेल घालून तालमीची माती मऊ राखणाऱ्या वस्तादाची विचारपूस कोणी करीत नाही. (पैलवानाचा खुराक शेतमजुराच्या घराला झेपत नाही, हे वेगळेच.) नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत कुस्त्यांना जो मान आहे, तो लहान गावांतही टिकावा म्हणून यात्रा समित्यांनी इनामाची रक्कम आधी जाहीर करून, कुस्ती निकाली होताच ती फडातच रोख द्यावी.

– एक वाचक, अंबाजोगाई