आज वार कोणता?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण चार ओळी लिहिल्या आणि त्या मलाच पोकळ वाटल्या. कागद फाडून टाकला. 'सगळं करून झालं, आता हे जगणं नेमकं कशासाठी?' असं तू विचारलंस. त्यावर सुविचार लिहून पाठवणं म्हणजे तुझ्या प्रश्नाची हेळसांड. म्हणून माझ्या घरात जे घडलं, तेवढंच सांगतो.

बारा वर्षं मी पहाटे जपाला बसतो, हे तुला ठाऊक आहे. 108 मणी ओढायचे, मेरुमणी आला की तो न ओलांडता माळ फिरवून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यातून मिळणारी शांती खरी होती, त्याबद्दल आजही मला शंका नाही. कशासाठी जन्माला आलो, तेही इथेच एखाद्या पहाटे उमगेल, अशी माझी खात्री होती.

मग बाबांना अल्झायमर झाला. मेंदूत नव्या आठवणी घडवणारा भाग या आजारात आधी झिजू लागतो. त्यामुळे तरुणपणीचं लख्ख आठवतं आणि पाच मिनिटांपूर्वीचं पुसलं जातं. डॉक्टरांनी हे नीट समजावलं होतं, मीही मान डोलावली होती. पण घरात रोज ते जगायचं म्हणजे काय, हे कळायला पुढचं वर्ष गेलं.

बाबा विचारायचे, "आज वार कोणता?" मी सांगायचो. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. एके दिवशी जप आटोपून उठलो, आणि पाचव्यांदा तोच प्रश्न आल्यावर मी ओरडलो, "किती वेळा सांगू?" बाबांनी दोन्ही हात छातीशी ओढून घेतले. ते मला घाबरले, मित्रा. माळ अजून माझ्या हातातच होती. एकच नाम मी हजार वेळा घेऊ शकत होतो, आणि 'गुरुवार' हा एक शब्द मला पाचव्यांदा उच्चारता येत नव्हता.

त्या दिवसापासून मी एक करून पाहिलं. प्रत्येक वेळी वार असा सांगायचा, जणू त्यांनी पहिल्यांदाच विचारलंय. खरं तर त्यांच्यासाठी ती पहिलीच वेळ असते, कंटाळलेला असतो तो फक्त मी. पहिले काही दिवस दात आवळून केलं. मग कधीतरी लक्षात आलं की त्यांना वार नकोच आहे. सगळं निसटत चाललेलं असताना आपल्याला उत्तर देणारं कुणीतरी शेजारी आहे, एवढंच त्यांना चाचपून पाहायचं असतं.

संध्याकाळ अवघड जाते. दिवस कलला की त्यांची तगमग वाढते. ते दाराकडे बघत विचारतात, "तुझी आई कुठे गेली?" सुरुवातीला मी खरं सांगत होतो, ती गेली. आणि दर वेळी ती त्यांच्यासाठी नव्याने जायची. खरं बोलण्याचं व्रत मी किती निष्ठुरपणे पाळत होतो! आता मी जवळ बसून हात धरतो आणि म्हणतो, "आईची फार आठवण येते ना, बाबा?" मग ते तिच्याबद्दल बोलू लागतात. तिचं नाव घेताना त्यांचा चेहरा निवतो.

नारदभक्तिसूत्रांत 84 सूत्रं आहेत. त्यातल्या एकोणिसाव्या सूत्रात नारद भक्तीची खूण सांगतात: सगळं आचरण देवाला अर्पण करणं, आणि त्याचं विस्मरण झालं तर 'परमव्याकुलता'. हा शब्द मी कितीदा वाचला असेन, पण भेटला तो बाबांच्या डोळ्यांत. स्वतःचं वय, घरातली खोली, माझं नाव, सगळं हातून सुटलेल्या माणसात एक व्याकुळता मात्र शाबूत आहे. देवासाठी मी कधी इतका व्याकुळ झालो होतो का? नाही. मी शांतीवर खूश होतो.

तू अर्थ शोधतोयस, म्हणून व्हिक्टर फ्रँकल यांच्याबद्दल सांगावंसं वाटतं. ते व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. 1942 ते 1945 नाझींच्या छळछावण्यांत काढलेले. कडाक्याच्या थंडीत पहाटे कामावर हाकलत नेलं जात असताना ते मनातल्या मनात पत्नीचा चेहरा पाहत चालत. ती जिवंत आहे की नाही, हेही ठाऊक नसताना. सुटका झाल्यावर कळलं, ती गेली होती. तिथून परतलेला हा माणूस म्हणतो की जगण्याचा अर्थ काय, असं आपण आयुष्याला विचारायचंच नसतं. आयुष्य रोज आपल्याला विचारत असतं, आणि उत्तर आपण द्यायचं असतं. हे मी पूर्वी वाचून पुढे गेलो होतो. आता वाटतं, मला ते अगदी साध्या शब्दांत विचारत होतं: आज वार कोणता?

जप सोडलेला नाही. उलट त्याचं काम आता कळतंय. पहाटे मन थोडं रिकामं झालं तरच दिवसभर दुसऱ्या कुणाला तिथे जागा मिळते. ज्या दिवशी बसणं चुकतं, त्या दिवशी दुपारपर्यंत माझा आवाज चढतो. हे इतकं सरळ आहे. आणि रोज जमतं असंही समजू नकोस. परवाच पुन्हा चिडलो, मग रात्री त्यांच्या पायांशी बसून राहिलो. ते कशासाठी, त्यांना कळलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता तुझ्याबद्दल. वर्षभर आश्रमात जाऊन राहायचं म्हणतोस, त्यावर तू चार पानं लिहिलीस. मुलाबद्दल एकच ओळ: 'तो शेजारच्या खोलीत असतो, पण आम्ही बोलत नाही.' तुझ्या अख्ख्या पत्रात मला ती ओळ सर्वात जिवंत वाटली, आणि तिच्याच पुढे तू पूर्णविराम दिलास. जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. मौन मलाही लागतं. पण त्या खोलीचं दार वाजवल्याशिवाय जाऊ नकोस. काय बोलायचं ते ठरवून जाऊ नकोस, नुसता बस. त्याने पाठ फिरवली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तुझ्यावर माझा फार जीव आहे म्हणून हे एवढं धिटाईने लिहितोय.

आणि जमेल तेव्हा इकडे ये. बाबा तुला ओळखणार नाहीत. दर थोड्या वेळाने विचारतील, तू कोण. सांगत राहा.

तुझा,
जुना सोबती