अण्णा, घर उभं राहिलं

ती. अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता असं सगळ्यांसमोर लिहितेय. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा ठेव गो बाय" म्हणता आणि विषय बदलता. मजुरीचं पाकीट प्रत्येक वेळी तुमच्या नातीच्या हाती परत आलं. तीच आता हे तुम्हाला वाचून दाखवेल, तेव्हा कृपा करून मधेच उठून जाऊ नका. शिवाय कोकणात आज कितीतरी जुनी घरं कुलूप लावून पडली आहेत. त्यांचे मालक मुंबई-पुण्यात बसून पाडायचं की ठेवायचं याचा विचार करताहेत. त्यांच्या दारात तुमच्यासारखं माणूस असेलच असं नाही, म्हणून जुनं घर न पाडता दुरुस्त करायचं जे तुम्ही आम्हाला शिकवलंत ते त्यांच्याही कानावर जावं असं मनापासून वाटतं.

घर आमच्याकडे आलं तेव्हाची अवस्था तुम्ही पाहिली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर चढलं आणि आपल्या दापोली-मंडणगडालाही झोडपून गेलं. त्यात पश्चिमेकडच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या त्या उताराची, कौलं गेली. घर आधीच बंद, त्यामुळे ती परत घालायला कोणी नव्हतं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. आम्ही कुलूप उघडलं तेव्हा माळ्यावर पालापाचोळ्याचा थर होता आणि भिंतीवरून वाळवीच्या मातीच्या रेघा थेट तुळईपर्यंत गेल्या होत्या. ज्या इंजिनियरला आम्ही दाखवायला आणलं, त्याने दारातूनच सांगितलं की यात ठेवण्यासारखं काही नाही, पाडा आणि स्लॅबचं घर बांधा. नवरा गप्प झाला. मीही झाले.

तुम्ही त्याच संध्याकाळी आलात. खिशात पटाशी, लाकूड तासायची छिन्नी, होती. कोणाशी न बोलता तुम्ही प्रत्येक खांबाच्या पायाशी बसलात, पटाशीचं टोक लाकडात दाबलंत, अंगठ्याने तिथला भुसा चोळून पाहिलात आणि पुढच्या खांबाकडे गेलात. मग शिडी लावून तुळयांची भिंतीत शिरणारी टोकं तशीच तपासलीत, कारण लाकूड कुजतं ते बहुधा भिंतीत शिरतं तिथे. सगळं झाल्यावर ओटीवर बसलात आणि म्हणालात, "खांब फणसाचे आहेत, त्यांना काही झालेलं नाही. आढं शाबूत आहे. वाशांची टोकं गेलीत. टोकं गेली म्हणून कोणी घर पाडतं?" आढं म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड आणि वासे म्हणजे त्यावरून उतरणारी तिरकी लाकडं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्या एका वाक्याने आमचा निर्णय झाला. त्याआधी आम्हाला ते घर म्हणजे एकच मोठं संकट वाटत होतं. तुम्ही त्याचे भाग पाडून दाखवलेत, हा भाग गेला, हा चांगला, याला औषध आहे, आणि मग ते आमच्या आवाक्यातलं वाटू लागलं.

पहिला पावसाळा तुम्ही आम्हाला काही करू दिलं नाहीत. उघड्या पाख्यावर ताडपत्री घट्ट बांधून दिलीत, माजघर आणि एक खोली राहण्यापुरती कोरडी केलीत, आणि सांगितलंत की यंदा फक्त पाणी बघा. ज्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे घराचं खरं दुखणं पाऊसच सांगतो, हे आता पटतं. जिथे ठिबकेल तिथे जमिनीवर कोळशाने फुली मारायला तुम्ही लावलंत. आणि फुलीच्या बरोबर वर बघू नका, असंही बजावलंत, कारण फुटक्या कौलातून आत आलेलं पाणी वाशाच्या पोटाने उतरत येतं आणि भलत्याच जागी थेंब सोडतं. फुलीपासून उतार उलटा चढत जायचं, तिथे फट सापडते. अशा कितीतरी फुल्यांमागे एकच सरकलेलं कौल निघालं. घरामागच्या दरडीचं पाणी जोत्याला येऊन भिडतं, हेही आम्हाला त्याच पावसाने दाखवलं. पागोळ्यांच्या रेषेबाहेरून चर खणून ते पाणी वळवणं हे आमचं पहिलं काम ठरलं. दिसायला काहीच नाही, आणि माझ्या मते संपूर्ण घरात त्याच्याइतकं महत्त्वाचं काम दुसरं झालेलं नाही.

दिवाळीनंतर छप्पर उघडलं. उतरवताना वरून खाली, घालताना खालून वर, हे तुमचं वाक्य आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे. उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या मागच्या बाजूने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला, मग डोळ्यांना तडा दिसो वा न दिसो. ही पारख मला इतकी आवडली की पुढे मी ते काम दुसऱ्या कोणाला देईना.

आणि मग ते अंगणातलं वर्गीकरण! आमचा समज होता की मंगलोरी कौल म्हणजे सगळी सारखीच. तुम्ही दोन कौलं एकमेकांत बसवून दाखवलीत आणि मधे दिसणाऱ्या फटीतून करंगळी घातलीत. प्रत्येक कारखान्याच्या साच्याची खाच थोडी वेगळी, त्यामुळे एकाचं कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही आणि पाणी तिथूनच शिरतं. मग पाठीवरचा शिक्का बघून कौलांचे वेगवेगळे ढीग लावले. एका ढिगावर बाझेल मिशनचा शिक्का आणि १८६५ साल पाहून आम्ही हरखलो, तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत की ते साल कारखान्याचं, कौलाचं नव्हे. जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी मंगळूरला ते कारखाने काढले आणि तिथली कौलं गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरत गेली, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला ते ठाऊक होतं, तुमच्या आजोबांनी बंदरावरून ती डोक्यावर वाहून आणली होती म्हणून. एका पाख्याला एकाच शिक्क्याची कौलं घालायची हा नियम आपण शेवटपर्यंत पाळला. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण दीडशे कौलं लागतात, तेव्हा कमी पडलेली भरून काढणं सोपं नव्हतं. कुठे कोणाचं घर उतरतंय याची खबर तुम्ही काढत राहिलात. फोन आला की नवरा टेम्पो घेऊन निघायचा, सोबत नमुन्याचं एक कौल घेऊन.

वाशांचं काम तर तुम्ही करून दिलंच नाहीत, करून घेतलंत. कुजलेलं टोक निकोप लाकडापर्यंत कापायचं आणि जुन्या वाशाच्या अंगाला नवा तुकडा लावून बोल्टने आवळायचा. वळचण, म्हणजे छपराची खालची कड, भिंतीबाहेर जेवढी येते, त्याहून जास्त लांबी आत गेली पाहिजे, नाहीतर कौलांच्या वजनाने टोक वाकतं. पहिला तुकडा तुम्ही बसवलात. दुसऱ्याला करवत माझ्या हातात दिलीत आणि स्वतः ओंडक्यावर बसलात. कौलं ज्यांवर टेकतात त्या रीपांमधलं अंतर टेपने मोजायला गेले तर तुम्ही कौलच पुढे केलंत, की ज्याला बसायचंय त्याच्याच मापाने मोज. नव्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल चढवताना मात्र हातमोज्यांशिवाय एकालाही जवळ येऊ दिलं नाहीत. ते तेल कातडीवर कसे फोड आणतं हे तुम्ही मनगटावरचा जुना डाग दाखवून सांगितलंत.

भिंतींबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण तिथे तुमचं आणि बाकी सगळ्यांचं म्हणणं उलट होतं. आधीच्या मालकांनी ओल दिसते म्हणून कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी आणखी सिमेंट, त्यावर वॉटरप्रूफिंग, असंच सुचवलं. तुम्ही गिलाव्याच्या वरच्या कडेवरून तळहात फिरवलात आणि आमच्यापुढे धरलात. पांढरी भुकटी होती. लोणा. भिंतीतला जांभा दगड जमिनीतलं पाणी ओढतो, तो त्याचा स्वभाव. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू सुकून जायची. सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून पाणी वर चढलं आणि जिथे सिमेंट संपतं तिथे क्षार सोडू लागलं. इतकं सरळ कारण, पण ते ऐकून पटवून घ्यायला आम्हाला तुमचा तो तळहात लागला.

सिमेंट छिन्नीने फोडून काढलं आणि भिंती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तशाच उघड्या ठेवल्या. येणारा-जाणारा विचारायचा की काम थांबलं का. काम चालूच होतं, भिंत सुकत होती. तोवर पिंपात कळीचा चुना मुरत होता. पिंपात आधी पाणी, मग त्यात चुना थोडा थोडा सोडायचा, चुन्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. ते पाणी खदखदून उकळायला लागलं तेव्हा माझी मुलगी ओट्याच्या कठड्यामागे जाऊन उभी राहिली होती. बाजूला टाकलेली बद्द वाजणारी कौलं तुम्ही फेकू दिली नव्हती. ती कुटून, चाळून त्यांची सुरखी केली आणि चुन्या-वाळूत मिसळली. भाजल्या मातीच्या या भुकटीमुळे चुना दमट जागीही घट्ट होतो. पातळ थर, त्यावर ओलं गोणपाट, तो धरला की पुढचा थर. हिरड्याचं आणि गुळाचं पाणी किती घालायचं याचं तुमचं माप मात्र मला अजून जमलेलं नाही, ते एकदा लिहून द्या.

सिमेंटशी तुमचं वैर नाही, हेही इथे नोंदवते, नाहीतर वाचणाऱ्यांचा गैरसमज व्हायचा. न्हाणीघर आणि संडास नव्याने बांधले ते सिमेंटमध्येच, तुमच्याच सांगण्यावरून. वायरिंग सगळं नवं केलं, भिंती न फोडता वरून पाइप घेऊन. माजघरातला लाल कोबा डागडुजी करून ठेवला. ओटीची जमीन मातीचीच राखली, धुमसून, चोपून, शेणाने सारवून. सारवायला काकूंनी शिकवलं, त्यांचे आभार वेगळे मानायचे आहेत. उन्हात काम चालायचं तेव्हा त्यांच्याकडून येणारी तांदळाची पेज आणि खारातली मिरची यांच्यावर आमचा अख्खा एप्रिल निघाला.

एका बाबतीत आपलं पटलं नाही. स्वयंपाकघरावर काचेची कौलं नकोत, खोली तापेल, असं तुमचं मत होतं. मी हट्टाने दोन घातली. खोली दुपारी तापते हे खरं आहे. पण सकाळी चुलीपाशी दिव्याशिवाय दिसतं, आणि माझ्यासाठी ते मोठं आहे. तुम्ही नंतर एकदा वर बघून "असू दे" म्हणालात, तेवढ्यावर मी समाधानी आहे.

या पावसाळ्यात तुम्ही दिलेल्या कोळशाने फुली मारायला जमिनीवर जागा शोधत राहिलो. पश्चिमेच्या पाख्याखाली एकही मारावी लागली नाही. भिंतीवर हात फिरवला की कोरडा निघतो. घर राहतं झालं, आणि ते आमच्या हातांनी झालं ही गोष्ट आमच्या आयुष्यात तुमच्यामुळे आली. तुम्ही स्वतः केलं असतंत तर निम्म्या वेळात आणि जास्त सुबक झालं असतं, ते मला कळतं. आमच्या चुकत-माकत चाललेल्या करवतीकडे बघत ओंडक्यावर बसून राहायला केवढा धीर लागला असेल, तेही कळतं.

आता एक मागणं आहे. मागच्या पडवीचे वासे दिवाळीनंतर बदलायचे आहेत. खालच्या आळीतल्या दोन मुलांना सुतारकाम शिकायचंय. वादळानंतर वाडीत बहुतेकांनी पत्रे घातले, त्यामुळे या मुलांनी वासा जोडताना कोणाला पाहिलेलंच नाही. त्यांना तुमच्या हाताखाली घ्या. त्यांची मजुरी आम्ही देऊ, लाकूड आणून ठेवू. तुम्ही शिडीवर चढायचं नाही, खुर्ची टाकून देते, तिथून सांगायचं. आणि या वेळी तुमचं पाकीट नातीच्या हाती परत पाठवायचं नाही. हो म्हणा, म्हणजे मुलांना निरोप देते.

तुमची,
वरच्या घरातली बाय