नंबरात उभी गाडी आणि तिचा ‘स्लो’

मा. संपादक साहेब, नमस्कार.

ऊस हंगाम लागला की कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्या नंबर लावून रात्रभर घरघरत उभ्या असतात आणि आसपासच्या गावातली लोकं झोपमोड झाली, धूर आला म्हणून ड्रायव्हरांशी भांडतात, हे दरवर्षीचंच. लोकांचं चुकत नाही. मी स्वतः हुक्केरी तालुक्यातला गाडीवाला, पंचवीस वर्षं स्टेअरिंगवर काढली, आता दोन गाड्या आहेत, आणि माझं म्हणणं एवढंच की त्या घरघरीत गावाची झोप जाते तसं मालकाचं इंजिनपण जातं, फक्त ते लगेच दिसत नाही, हंगाम सरल्यावर दिसतं.

माझ्याच गाडीचं सांगतो. जुनी सहा सिलिंडर, साध्या पंपाची, स्लोचा, म्हणजे गाडी उभी असताना पाय न देता इंजिन जेवढं फिरतं त्याचा, स्क्रू फिरवला की झालं. तीन हंगामामागं एका मेस्त्रीनं ‘डिझेल वाचवून देतो मालक’ म्हणून स्लो उतरवून दिला, मिनिटाला ६५० फेऱ्यांवर असायचा तो ५०० च्या आसपास आला. गाडी धडधडायला लागली, आरसे थरथरायचे, गिअरबॉक्स खडखडायचा आणि क्लच दाबला की गप्प. मी म्हटलं असू दे, डिझेल वाचतंय की. गाडीवर भाचा होता, नंबरात आठ-आठ दहा-दहा तास गाडी चालूच. एक दिवस खुशीत येऊन म्हणतो, ‘मामा, औंदा ऑइल कमीच होईना बघा, उलट मापाच्या पट्टीवर वर आलंय.’ आणि मीपण खूश! अहो, वरून टाकल्याशिवाय ऑइल वाढतंय कधी? बोटाला लावून वास घेतला असता तर तिथंच कळलं असतं, आत डिझेल उतरलं होतं. मार्चात बेअरिंग वाजायला लागली, इंजिन खाली घेतलं तर क्रँक घासलेला आणि लायनर, म्हणजे सिलिंडरचे आतले नळे, घासून काचेसारखे गुळगुळीत. खर्चाचा आकडा लिहीत नाही, घरात पण पेपर वाचतात.

हे का होतं ते मला नंतर कळलं. इंजिन स्लोला नुसतं फिरतं तेव्हा त्याच्यावर लोडच नसतो, आतली उष्णता पडते, पाण्याचा काटासुद्धा हळूहळू खाली येतो. गार सिलिंडरात डिझेल पुरं जळत नाही, न जळलेलं लायनरवरचं ऑइल धुऊन रिंगमधून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातं, उरलेलं डिझेल फवारणाऱ्या नोझलवर कार्बन होऊन बसतं नाहीतर सायलेन्सरमधून काळं ठिबकतं. त्यात स्लो कमी असला तर ऑइल पंपपण सावकाश फिरणार, म्हणजे आधीच पातळ झालेलं ऑइल, वर प्रेशर कमी. डायनमो बॅटरी नीट भरत नाही, कॉम्प्रेसर हवा भरायला वेळ लावतो. मोठ्या ट्रकांचा स्लो साधारण ६०० ते ७०० असतो, आपल्या इंजिनचा नेमका किती ते कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि तो इंजिन गरम झाल्यावरच बघायचा, सकाळी गारठ्यात बघून स्क्रू पिळायचा नाही.

मग चालू ठेवायचीच वेळ आली तर? हँड थ्रॉटलनं ९०० ते १००० वर ठेवा, आतली उष्णता टिकते, ऑइलचं प्रेशर राहतं. पण ते फुकट नाही, डिझेल जास्त जाणार. उभ्या गाडीत तासाला दीड ते तीन लिटर जळतं, इंजिन केवढं आणि रेस किती यावर, आठ तासाचा हिशोब ज्याचा त्यानं करावा. कर्नाटकात डिझेल बरंच स्वस्त होतं तेव्हा महाराष्ट्रातल्या कागलकडची गाडी हद्दीवरच्या कोगनोळीला येऊन टाकी फुल करून जायची आणि तेच डिझेल नंबरात उभं राहून जाळायची, हसावं का रडावं कळंना.

त्यापेक्षा बंद करा. ड्रायव्हर म्हणतात बंद केली तर परत स्टार्टर उचलत नाही, अहो मग बॅटरी बदला की. आपल्याकडं डिसेंबरात गारठा असतो पण डिझेल गोठायला हे काही काश्मीर नव्हे.

पण बंद करायची पण एक रीत आहे. भरलेली गाडी निपाणीजवळचा तवंदी घाट चढून धाब्यावर लावली आणि लगेच चावी फिरवली तर टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, लालबुंद असतो, ऑइल थांबतं आणि बेअरिंगमध्येच जळून त्याचा कोळसा होतो. तिथं तीन-चार मिनिटं स्लोला ठेवायलाच पाहिजे. आणि बंद करताना शेवटची एक मोठी रेस मारायची जी सवय आहे ना आपल्या पोरांना, ती तर सोडाच, टर्बो सुसाट फिरत राहतो आणि ऑइल बंद.

२०२० नंतरच्या, प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या बीएस-६ गाड्यांना स्क्रू नाही, स्लो कॉम्प्युटर ठरवतो, पण तिथं दुसरीच गंमत. स्लोला उभी राहून राहून सायलेन्सरमधला फिल्टर काजळीनं भरतो, दिवा लागतो, मग उभ्या उभ्या साफ करायला बटण दाबलं की इंजिन आपणहून रेस वाढवतं आणि धुराडं भट्टीसारखं तापतं. कारखान्याच्या रस्त्यावर खाली उसाचा वाळका पाला पसरलेला असतो. तिथं ते बटण कृपा करून दाबू नका.

आणि आता १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं, मे महिन्यात केबिनमध्ये बसून बघा म्हणजे कळेल. पण एसी लावून झोपायचं म्हणजे इंजिन चालू आलंच. म्हणून कारखान्यांना विनंती, टोकन देताना अंदाजे वेळ सांगा, पहाटे चारला नंबर येणार हे माहीत असलं तर संध्याकाळी सातपासून कोण गाडी चालू ठेवणार? दर दहा मिनिटाला एक गाडी पुढं सरकते म्हणून बिचारा ड्रायव्हर गाडी बंद करत नाही.

पत्र लांबलं. जागा नसली तर ऑइलच्या पट्टीचा भाग तेवढा छापा.

आपला,
एक गाडीवाला, ता. हुक्केरी, जि. बेळगाव